शून्यांचा रकाना

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माध्यमिक शाळांतील शिक्षकांसाठी सी भाषेचा आठ दिवसांचा वर्ग घेतला होता. वर्गात बहुतेक गणित आणि विज्ञानाचे शिक्षक होते. तिसऱ्या दिवशीचा पाठ ठरलेला असतो : फॅरनहाइटचे सेल्सिअस करणारा तक्ता. शून्यापासून ३०० पर्यंत वीस-वीसच्या अंतराने फॅरनहाइट अंश डाव्या रकान्यात आणि त्यांच्यासमोर सेल्सिअस उजव्या रकान्यात. सूत्र सर्वांना पाठ, त्यामुळे कोणी वर मान करून विचारलेही नाही. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ गणित शिक्षकांची हाक आली.

पडद्यावर सोळा ओळी होत्या. डावा रकाना अगदी बरोबर आणि उजव्या रकान्यात सोळा शून्ये. सरांनी २१२ घालून पाहिले होते, तरी उत्तर शून्यच.

"उकळतं पाणीसुद्धा शून्य अंशावर आणून ठेवलंय यानं," सर म्हणाले. "बावीस वर्षं हे सूत्र शिकवतोय मी. सूत्र चुकलेलं नाही."

शेजारच्या बाईंनी सूत्र तपासले. खरोखरच चुकलेले नव्हते. सरांनी पाच भागिले नऊ हे कंसात लिहिले होते आणि त्याला फॅरनहाइट वजा बत्तीसने गुणले होते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते असेच छापलेले असते. पण सी भाषेत पाच आणि नऊ हे दोन्ही पूर्णांक असतील, तर भागाकारही पूर्णांकच मिळतो. तिसरी-चौथीतली मुले म्हणतात तसे, 'भाग शून्य, बाकी पाच', आणि बाकी टाकून द्यायची. कंसाची किंमत शून्य झाली की पुढचे सारे शून्य. आधी पाचने गुणून मग नऊने भागले की तक्ता जवळपास ठीक येतो : २० ला उणे ६, ४० ला ४, ६० ला १५. दशांश हवे असतील तर पाचाऐवजी ५.० असे लिहायचे, म्हणजे झाले.

हे आम्ही सांगितले. सरांनी दुरुस्ती केली, तक्ता आला, पण त्यांचे समाधान झाले नाही. "ते ठीक आहे. पण असं का केलं त्यांनी?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि आम्हाला धड उत्तर देता आले नाही. 'सी मध्ये असेच असते' हे काही उत्तर नव्हे. त्यानंतर आम्ही या भाषेचा जन्मवृत्तांत वाचायला घेतला. वाचताना ध्यानात आले की नवशिक्या माणूस छोट्या सरावाच्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे अडखळतो, त्यातील बहुतेक जागांना एक जन्मस्थान आणि एक जन्मसाल आहे.

सी चे आजोबा म्हणावेत अशी भाषा म्हणजे बीसीपीएल. केंब्रिज विद्यापीठाच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी ती १९६० च्या दशकाच्या मध्यास रचली. या भाषेत संख्या, अक्षर, पत्ता असे निरनिराळे प्रकारच नव्हते. सर्व काही एकाच मापाच्या डब्यात ठेवायचे. या डब्याला संगणकशास्त्रात 'वर्ड' म्हणतात. डब्यात काय आहे, ते लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे.

१९६९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन एका अडगळीत पडल्यासारख्या पीडीपी-७ यंत्रावर स्वतःसाठी कार्यप्रणाली लिहीत होते. मल्टिक्स नावाच्या एका फार मोठ्या प्रकल्पातून प्रयोगशाळेने त्याच वर्षी अंग काढून घेतले होते आणि थॉम्प्सन यांना तसे काहीतरी, पण छोटे, हवे होते. त्यातूनच पुढे युनिक्स झाले. त्या यंत्राची स्मृती अठरा बिटांचे ८,१९२ डबे एवढीच, म्हणजे आजच्या हिशेबाने अठरा किलोबाइट. मोबाइलमधल्या एका साध्या छायाचित्रालाही ती पुरणार नाही. एवढ्या जागेत बसावी म्हणून थॉम्प्सन यांनी बीसीपीएल पिळून काढली आणि जे उरले त्याला 'बी' असे नाव दिले. बी मध्येही एकच प्रकार होता, तो म्हणजे डबा. डब्याला डब्याने भागले की उत्तर डब्यात मावेल असेच हवे, म्हणजे पूर्णांक. दशांशाला तिथे घरच नव्हते.

पुढे १९७० मध्ये पीडीपी-११ हे नवे यंत्र आले. हे सोळा बिटांचे होते आणि त्यात प्रत्येक बाइटला, म्हणजे प्रत्येक अक्षराला, स्वतंत्र पत्ता होता. एकच माप चालवणारी बी भाषा इथे अवघडली. शिवाय दशांश संख्यांची आकडेमोड यंत्र लवकरच स्वतः करू लागेल, असे उत्पादकांचे आश्वासन होते आणि दशांश संख्या काही सोळा बिटांच्या डब्यात बसणार नव्हती. म्हणून १९७१ पासून डेनिस रिची यांनी बी मध्ये 'प्रकार' आणायला सुरुवात केली. पूर्णांक वेगळा, अक्षर वेगळे, नंतर दशांश संख्या वेगळी. १९७३ पर्यंत भाषा इतकी सबळ झाली होती की त्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभाच तिच्यात पुन्हा लिहिला गेला. हीच सी.

म्हणजे भागाकाराचे चिन्ह आधीचे आणि दशांश संख्या नंतरची. नवा पाहुणा आला म्हणून जुन्या चिन्हाचा अर्थ बदलला नाही. दोन पूर्णांकांमध्ये त्याने पूर्वीचेच काम करावे, आणि एक जरी दशांश असेल तर नवे. फोर्ट्रानमध्येही १९५७ पासून पूर्णांकांचा भागाकार असाच होत होता, त्यामुळे त्या काळच्या कोणाला यात वावगे वाटले नसावे. निक्लाउस विर्थ यांनी मात्र १९७० च्या पास्कल भाषेत पूर्णांक भागाकाराला वेगळा शब्दच दिला. आमच्या मते शिकवण्यासाठी तेच बरे होते. पायथॉन भाषेने आधी सी चीच रीत उचलली होती. ती बदलून भागाकाराचे चिन्ह खऱ्या भागाकाराला द्यायला २००८ साल उजाडले आणि त्या बदलामुळे जुने किती प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागले, हे ज्यांनी केले त्यांना ठाऊक.

सरावाच्या प्रोग्रॅमांची परंपरा कोठून आली, हेही याच प्रयोगशाळेत सापडते. रिची आणि थॉम्प्सन यांच्याच शेजारी ब्रायन कर्निहॅन काम करीत. (नावातला जी उच्चारत नाहीत.) त्यांना लिहिण्याची आणि समजावून सांगण्याची हौस होती. १९७२-७३ च्या सुमारास त्यांनी बी भाषेची एक पाठावली लिहिली. तिच्यात एक उदाहरण असे आहे : बी मध्ये अक्षरेही डब्यातच ठेवायची आणि ज्या यंत्रावर ती पाठावली बेतली होती त्याच्या एका डब्यात चार अक्षरे मावत. चारहून लांब मजकूर छापायचा तर काय करायचे, हे दाखवण्यासाठी कर्निहॅन यांनी 'हॅलो, वर्ल्ड' हे शब्द घेतले आणि त्यांचे तीन तुकडे केले. पहिल्यात एच-ई-एल-एल, दुसऱ्यात ओ, स्वल्पविराम, रिकामी जागा आणि डब्ल्यू, तिसऱ्यात उरलेली चार अक्षरे. तीन डबे एकामागून एक छापले की वाक्य पुरे.

आज जगभरच्या पुस्तकांत पहिल्या पानावर असणारा हा नमुना मुळात स्वागतासाठी नव्हता. चारांत न मावणारे काहीतरी हवे होते, म्हणून तो आला. शब्द कसे सुचले, हे विचारल्यावर कर्निहॅन यांनी पुष्कळ वर्षांनी एका मुलाखतीत, अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाचे एक व्यंगचित्र अंधुकसे आठवते, एवढेच सांगितले.

१९७४ मध्ये त्यांनी सी साठी पाठावली लिहिली. तोपर्यंत भाषेत अक्षरांची लांब माळ एकदम छापण्याची सोय झाली होती, म्हणून तीन तुकड्यांची एक ओळ झाली. आणि १९७८ मध्ये कर्निहॅन व रिची यांचे पुस्तक आले. पाने अवघी सव्वादोनशेच्या आसपास. विवेचनाचा भाग मुख्यतः कर्निहॅन यांचा आणि शेवटचे भाषेचे नियमपुस्तक रिची यांचे. त्या पुस्तकात 'हॅलो, वर्ल्ड' पहिल्याच पाठात आहे, आणि तिथे त्याचे काम बदलले आहे. आता मजकुराची लांबी हा प्रश्न नव्हता. प्रोग्रॅम कुठे टंकायचा, कंपायलरकडे कसा सोपवायचा, चालवायचा कसा, आणि छापलेले नेमके कुठे उमटले हे कसे शोधायचे, हाच खरा डोंगर आहे, हे लेखकांना कळले होते. एकदा तो ओलांडला की भाषा सोपी. शिक्षक म्हणून आम्हाला ही जाण फार मोलाची वाटते. रसायनाच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मुलाला फक्त बर्नर पेटवायला लावावे, तसे हे आहे.

दुसरे उदाहरण तापमानाचा तक्ता. तोच, आमच्या सरांचा. शून्य ते तीनशे, वीसची पायरी. त्या पुस्तकात ५ भागिले ९ ऐवजी ५.० भागिले ९.० असे लिहिले आहे आणि तसे का केले, हेही तिथे थोडक्यात सांगितले आहे. पण थोडक्यातच. आम्ही वर्ग घेताना ती दोन-तीन वाक्ये उडवून पुढे गेलो होतो, आणि सरांचे सोळा शून्यांचे फळ त्यामुळे पदरी पडले.

त्यानंतरची उदाहरणे पाहा : कळफलकावरून येणारे प्रत्येक अक्षर जसेच्या तसे पुढे पाठवणे, अक्षरे मोजणे, ओळी मोजणे, शब्द मोजणे, आलेल्या ओळींतली सर्वांत लांब ओळ शोधणे. वाचणाऱ्याला वाटते, ही सरावासाठी रचलेली खेळणी आहेत. तसे नाही. ओळी, शब्द आणि अक्षरे मोजणारी आज्ञा युनिक्समध्ये रोजच्या वापरात होती व आजही आहे. पुस्तकातला प्रोग्रॅम म्हणजे तिचेच लहान रूप. एकाच कामाचे छोटे हत्यार बनवायचे आणि अशी हत्यारे एकमेकांना जोडून मोठे काम करायचे, ही त्या प्रयोगशाळेची पद्धत होती. १९७३ मध्ये एका प्रोग्रॅमचे उत्तर थेट दुसऱ्याला पुरवणारी 'पाइप'ची सोय थॉम्प्सन यांनी डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये घातली, तेव्हापासून ही पद्धत अंगवळणीच पडली. म्हणून त्या पुस्तकातले सराव कोरडे वाटत नाहीत. लेखक आपल्या कपाटातली हत्यारे खोलून दाखवीत होते.

अक्षरे मोजण्याचा प्रोग्रॅम मराठी मुलांकडून अवश्य करवून घ्यावा. त्याला 'मराठी' हा शब्द द्या आणि एंटर दाबा. उत्तर येते सोळा! एंटरचे एक सोडले तर पंधरा. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात : म, रा, ठी. काने, वेलांट्या सुट्या धरल्या तर पाच चिन्हे होतात. मग पंधरा कोठून? सी मधला 'अक्षर' हा प्रकार म्हणजे एक बाइट, कारण पीडीपी-११ मध्ये एका इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरे होता. आज देवनागरी मजकूर साठवण्याची जी सर्वमान्य रीत आहे, यूटीएफ-८, तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पाच त्रिक पंधरा.

आणि ही यूटीएफ-८ रचली कोणी? त्याच केन थॉम्प्सन यांनी, रॉब पाइक यांच्याबरोबर, सप्टेंबर १९९२ मध्ये, न्यू जर्सीतल्याच एका उपाहारगृहात जेवता जेवता. जुने सी प्रोग्रॅम मोडू नयेत अशी त्यांनी खास काळजी घेतली. सी मध्ये अक्षरमाळेचा शेवट शून्य किमतीच्या बाइटने ओळखतात, म्हणून कोणत्याही अक्षराच्या मध्ये शून्य बाइट येणारच नाही, अशी रचना केली. त्यामुळेच १९७८ चा शब्द मोजणारा प्रोग्रॅम मराठी परिच्छेदातले शब्द आजही बिनचूक मोजतो, अक्षरे मात्र चुकवतो. मुलांना हे करून पाहिल्यावर जी गंमत वाटते, ती एरवी बाइट म्हणजे काय याची व्याख्या दहा वेळा सांगूनही वाटत नाही.

गणिताच्या शिक्षकांची आणखी एक तक्रार नेहमीची असते. क्ष = क्ष + १ हे त्यांना बघवत नाही. समीकरण म्हणून ते कधीच खरे होणार नाही, आणि सी त्याला आज्ञा म्हणून आनंदाने स्वीकारते. बीसीपीएलमध्ये 'किंमत ठेव' यासाठी विसर्गासारखे चिन्ह आणि बरोबर (:=) अशी जोडी होती. बी मध्ये थॉम्प्सन यांनी त्यातला विसर्ग उडवला. मग तुलनेसाठी दोन बरोबरची चिन्हे (==) लिहावी लागली. हा निव्वळ आवडीनिवडीचा भाग होता आणि अजून वादग्रस्त आहे, अशा अर्थाची कबुली रिची यांनी १९९३ च्या आपल्या इतिहासपर निबंधात दिली आहे. तुलनेच्या जागी एकच बरोबर पडले तर प्रोग्रॅम तक्रार न करता भलतेच काम करतो. आमच्याही हातून हे अगणित वेळा झाले आहे. आजचे कंपायलर निदान इशारा तरी देतात. तो इशारा बंद करून ठेवण्याची खोड काही विद्यार्थ्यांना असते, ती आधी मोडावी.

या भाषेच्या कर्त्यांनी आपल्या चुका सुधारल्याच नाहीत, असे मात्र नाही. क्ष मध्ये दहा मिळव, हे सुरुवातीच्या सी मध्ये आधी बरोबर आणि मग अधिक (=+) असे लिहीत. वजाबाकीसाठी बरोबर आणि उणे. पण कोणी क्ष ला उणे दहा ही किंमत द्यायला जागा न सोडता लिहिले, तर क्ष मधून दहा वजा होत. १९७६ मध्ये क्रम उलटा करून (+=) ही अडचण कायमची काढली. तेव्हा सी वापरणारे थोडे होते, म्हणून हे जमले. लोक वाढल्यावर भागाकाराचे किंवा बरोबरच्या चिन्हाचे तसे करणे अशक्यच होते.

क्रमगुणिताचा प्रोग्रॅम करायचा असेल तर थोडे थांबून करावा. एक ते न पर्यंतचा गुणाकार, चार ओळींचे काम. जुन्या सोळा बिटांच्या पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नसे, म्हणून आठाच्या क्रमगुणिताला, म्हणजे ४०,३२० च्या जागी, उणे २५,२१६ असे उत्तर येई. गुणाकार सगळा धन संख्यांचा आणि उत्तर ऋण! चूक लपत नसे. आजच्या संगणकावर पूर्णांक बहुधा बत्तीस बिटांचा असतो. बारापर्यंत सर्व ठीक चालते. तेरासाठी सहसा उत्तर येते १,९३,२०,५३,५०४. ही संख्या धन आहे, मोठी आहे आणि खरी वाटते. पण पहिली ते तेरा या संख्यांत पाच आहे, दहाही आहे, मग गुणाकाराच्या शेवटी निदान दोन शून्ये यायलाच हवीत. इथे शेवटी चार आहे. खरे उत्तर ६,२२,७०,२०,८००. हे सातवीतला मुलगाही पकडू शकतो, फक्त त्याला पडद्यावरच्या आकड्यावर शंका घेण्याची मुभा हवी.

आता सर्वांत लांब ओळ शोधणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळू, कारण त्याच्याभोवती एक गंभीर प्रकरण घडले. बीसीपीएलमध्ये अक्षरमाळेची लांबी तिच्या सुरुवातीलाच लिहून ठेवत. बी आणि सी मध्ये लांबीऐवजी शेवटी खूण ठेवली. एक कारण असे की, लांबी लिहायला आठ-नऊ बिटांची जागा ठेवली तर माळ किती लांब असू शकेल, यावरच मर्यादा येते. दुसरे म्हणजे शेवटची खूण वापरायला सोपी वाटली. पण त्यामुळे ओळ वाचून घेताना ती ठेवायची जागा पुरेशी आहे की नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच पाहावे लागते. १९७८ च्या पुस्तकातला ओळ वाचणारा छोटा उपप्रोग्रॅम ही काळजी घेतो. जागा किती आहे, हे त्याला आधी सांगावे लागते आणि तेवढे भरले की तो थांबतो. पण सी च्या भांडारात याच कामाची 'गेट्स' नावाची एक तयार सोय होती. तिला मर्यादा सांगताच येत नसे. समोरून जेवढे येईल तेवढे ती भरत जाई. पातेले भरल्यावरही तोटी बंद न करणाऱ्या मुलासारखी.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक 'किडा' अमेरिकेतील संगणकजाळ्यात पसरला. आत शिरण्याच्या त्याच्या अनेक वाटा होत्या. त्यातली एक 'गेट्स'ची. दूरच्या संगणकावर कोण काम करीत आहे, हे सांगणाऱ्या एका सेवेने ओळ ठेवायला ५१२ बाइट राखले होते. किड्याने ५३६ बाइट पाठवले. वरचे चोवीस शेजारच्या जागेत सांडले, आणि पुढे कोणत्या आज्ञेकडे जायचे, ही नोंद नेमकी तिथेच होती. काही हजार संगणक त्या दिवसांत ठप्प झाले. योगायोग असा की, या विद्यार्थ्याचे वडील बेल प्रयोगशाळेत काम केलेले आणि युनिक्सच्या घडणीत हात असलेले संगणकतज्ज्ञ होते.

'गेट्स' सी च्या प्रमाण भांडारातून काढून टाकायला २०११ साल लागले. तोवर ती असंख्य सरावपुस्तकांत होतीच. नाव विचारा, नाव छापा, हा प्रोग्रॅम 'गेट्स' वापरून लिहिलेला आम्ही कितीतरी वह्यांत तपासला आहे आणि खूणही केली आहे. पहिल्या पुस्तकातला सरावाचा नमुना सावध होता आणि खऱ्या कामाचा प्रोग्रॅम बेसावध. आपल्याकडे मात्र बेसावध नमुनाच सोपा म्हणून पसरला. (जाता जाता : जुन्या पुस्तकातला तो ओळ वाचणारा उपप्रोग्रॅम आज जसाच्या तसा टंकला तर कंपायलर हटकण्याची शक्यता असते, कारण त्याच नावाची सोय आता पुष्कळ प्रणालींच्या भांडारातच आहे. नाव बदलले की काम चालते.)

आपल्याकडे सी बहुतेकांना भेटली ती निळ्या पडद्यावर. बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये आले. घरगुती संगणकावर एकाच पडद्यात टंकायचे, कंपायलरकडे द्यायचे, चालवायचे. बेल प्रयोगशाळेतला तो पहिला डोंगर त्याने टेकडीएवढा केला, पण एक खाच ठेवली. प्रोग्रॅम संपताक्षणी उत्तराचा पडदा नाहीसा होऊन निळा पडदा परत येई. छापलेले कुठे उमटले, हा कर्निहॅन यांचा प्रश्न असा नव्याने उभा राहिला. त्यावर तोडगा म्हणून शेवटी एक कळ दाबण्याची वाट पाहायची आणि सुरुवातीला पडदा पुसायचा, अशा दोन आज्ञा प्रत्येक प्रोग्रॅमला लागल्या. त्या सी च्या नव्हेत, टर्बोच्या. पण मुलांनी त्या मंगलाचरणासारख्या पाठ केल्या. पुढे टर्बो मागे पडले, नवे संगणक त्याला थेट चालवीनात, तरी जुन्या संगणकाचे सोंग घेणारा डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम बसवून महाविद्यालये त्यातच प्रात्यक्षिके घेत राहिली. एका परीक्षेत पडदा पुसण्याची ओळ नाही म्हणून एका मुलीचे गुण कापलेले आम्ही पाहिले आहेत. तिचा प्रोग्रॅम बरोबर होता.

याच काळात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक भारतभर घरोघरी गेले. त्यातले सराव उघडले की देश बदलल्याचे जाणवते. फॅरनहाइट आहेच, पण सुरुवात सरळव्याजाने होते. आणि मग येतो रमेश. त्याचे मूळ वेतन विचारायचे. महागाई भत्ता चाळीस टक्के, घरभाडे भत्ता वीस टक्के, एकूण पगार काढा. फॅरनहाइटमध्ये ताप मोजायची सवय असली तरी हवेचे तापमान त्यात कधी न सांगणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हा हिशेब घरातला वाटतो. बेल प्रयोगशाळेत हत्यारे हाताशी होती म्हणून सराव हत्यारांचे झाले, आपल्याकडे पगारपत्रक हाताशी होते.

आमच्या वर्गातही सहाव्या दिवशी रमेश आला. शिक्षकांनी रमेशला बाजूला सारून आपापले मूळ वेतन घातले, हे सांगायला नकोच. खोलीत काही वेळ फक्त कळांचा आवाज होता. मग मागच्या बाकावरून ते ज्येष्ठ सर मोठ्याने हसले.

"घ्या! सरकारनं आजवर केलं नाही ते यानं केलं. महागाई भत्ता शून्य."

बाई वाकून पाहू लागल्या. सरांनी चाळीस भागिले शंभर हे कंसात लिहिले होते. आम्ही उठून त्यांच्याकडे निघालो, तोवर त्यांनी चाळीसपुढे टिंब देऊन शून्य टंकले होते आणि बाईंना सांगत होते, "भाग शून्य, बाकी चाळीस. बाकी टाकून देतो तो. सत्तरच्या सालातली सवय आहे त्याची."